डेटा अनेकवचनी आहे

आमच्या धामणखडीत दवंडी द्यायचं काम भीमा कोतवालाकडे होतं. आवाज खणखणीत, पण कान कच्चे. कुटुंबनियोजनाच्या शिबिराची दवंडी त्यानं ‘कुटुंबभोजन’ म्हणून दिली होती, आणि अर्धं गाव लेकराबाळांसकट ताटं घेऊन चावडीवर जमलं होतं. डॉक्टरीणबाई ताटांकडे बघतच राहिल्या. त्याची आठवण काढून लोक पुढं वर्षभर हसले.

त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत भीमानं हलगी वाजवत दवंडी दिली, “ऐका होऽ ऐका! उद्याच्याला पुन्याहून दाता येनार हाय होऽ! घर सोडून कोनी जाऊ नये होऽ!”

या दवंडीला कुणी हसलं नाही. पाथर्डीच्या पूर्वेचा हा भाग तसाही कोरडाच; पण त्या वेळी सलग दुसरा पावसाळा वाया गेला होता. एरवी दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जायचं. त्या साली उसाचेच हाल होते. गेलेल्या गाड्या संक्रांतीच्या आत माघारी आल्या. बैल घोडेगावच्या बाजारात गेले आणि कातड्याच्या भावानं विकले गेले. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली निकस ज्वारी यायची, तीही आली तर. अशा गावात ‘दाता येणार’ म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी आभाळाकडे बघून हात जोडले, आणि बायांनी अंगणं झाडली.

खरी गोष्ट अशी होती की ग्रामसेवकानं भीमाला सांगितलं होतं, “डाटा घ्यायला साहेब येणार आहेत.” पुण्याचं एक ग्रामीण पाहणी मंडळ होतं. कोणत्या गावाची काय अवस्था आहे ते घरोघर विचारून लिहायचं, आणि दुष्काळी काम आधी कुठं काढावं ते सरकारला सुचवायचं, असं त्यांच्याकडे सोपवलं होतं. आमच्या डोंगराखालच्या ओढ्यावर पाझर तलाव व्हावा ही गावाची जुनी मागणी. तो मंजूर झाला असता तर गावाला गावातच काम मिळालं असतं.

गावाला काम हवं होतं, पण गोजरबाईइतकं कुणालाच नव्हतं. तिचा नवरा गहिनीनाथ दोन हंगामांपूर्वी उसाच्या गाडीखाली सापडून गेला. मागं दोन लेकरं. थोरली चांगुणा माझ्याकडे सातवीत होती, धाकटा गोरक्ष अजून नीट चालतही नव्हता. तलावाचं काम निघालं तर गोजरबाई सकाळी पाटी घेऊन ओढ्यावर जाणार, गोरक्षला शेजारची बायडाबाई सांभाळणार, आणि चांगुणा एप्रिलात सातवीच्या परीक्षेला बसणार. काम निघालं नाही तर लांब कुठंतरी खडी फोडायला जायचं, तिथंच पालात राहायचं, आणि मग गोरक्षला चांगुणानं घ्यायचं. हा हिशेब गोजरबाईनं मला शाळेच्या पायरीवर बसून सांगितला होता. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. “एवढं तळ्याचं झालं म्हंजी पोरगी सुटली, गुर्जी,” एवढंच ती म्हणाली.

चांगुणासारखी मुलं मास्तराच्या वाट्याला क्वचित येतात. बाकीची मुलं शब्द पाठ करायची. ही शब्द हातात घेऊन उलटासुलटा करून बघायची, बाजारात मडकं घेताना बाया वाजवून बघतात तसा.

दवंडी झाली त्याच दिवशी वर्गात तिनंच विचारलं, “गुर्जी, भीमाकाका दाता म्हनला. ग्रामसेवक डाटा म्हनत्यात. खरं काय?”

मी फळ्यावर इंग्रजीत चार अक्षरं लिहिली. म्हटलं, “याला कुणी डाटा म्हणतं, कुणी डेटा. अर्थ गोळा केलेली माहिती. पण मुळात अर्थ आहे ‘दिलेलं’. गणितात आपण आधी काय लिहितो? उदाहरणात काय दिलं आहे ते. तेच हे. आणि आपल्या पारावरच्या देवळात दत्त आहे ना? दत्त म्हणजेही दिलेला. हे शब्द लांबचे भाऊबंद आहेत.”

“मंग दाता?”

“तोही त्यांच्याच घरचा. फक्त काम उलटं. दाता देतो. डेटा दिला जातो.”

“मंग उद्या सायब येनार, आमी त्यांला म्हाईती देनार. म्हंजी दाता आमीच की!”

वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा कानिफनाथ उभा राहून राजासारखा हात वर करून म्हणाला, “मागा, काय पायजे ते मागा!” मीही हसलो.

मग व्याकरण आलं. एकच गोष्ट असेल तर डेटम, पुष्कळ झाल्या की डेटा. म्हणून डेटा अनेकवचनी, आणि पुढचं क्रियापदही अनेकवचनी. ‘डेटम शोज’, शेवटी इंग्रजी ‘एस’ लागतो; पण ‘डेटा शो’. मोठमोठी माणसं इथं चुकतात, असं मी सांगितलं. चांगुणा म्हणाली, “म्हंजी लई झालं की ‘स’ जातोय. आमचं एक घर डेटम, आन् समदं गाव डेटा.”

“शाबास,” मी म्हटलं. “आता गोळा करून बघू. चांगुणा, प्रत्येकाला विचार, आज काय खाऊन आलास, आणि फळ्यावर रेघा मार.”

ती बाकांमधून फिरली. पहिला म्हणाला, भाकरी. दुसराही भाकरी. शेवटच्या पोरापर्यंत सगळे भाकरी. फळ्यावर एकाच रकान्यात रेघांची गर्दी झाली. चांगुणानं खडू खाली ठेवला. “गुर्जी, समदे खोटं बोलत्यात. मी बी.”

मी ओरडलो नाही. पोरांना खोटं बोलायची खोड नव्हती. शेजारच्यानं ऐकू नये एवढीच त्यांची धडपड होती. मी म्हटलं, “सगळ्यांनी डोळे मिटा. कुणी कुणाकडे बघायचं नाही. आता ज्यानं आज काहीच खाल्लं नाही त्यानं हात वर करा.”

हात वर आले. सगळे नाही, पण मोजायचं धाडस मला होऊ नये इतके. चांगुणानं एक डोळा किलकिला करून वर्ग बघितला, आणि जुन्या रेघा पुसून नव्या मारल्या.

शाळा सुटताना ती माझ्याजवळ घुटमळली. “गुर्जी, उद्या आई डोळं मिटून सांगंल का?”

साहेब सकाळच्या जीपनं आले. नाव खांबेटे. तरुण पोरगा, चष्मा, गळ्यात शबनम पिशवी. मनानं चांगला होता. शाळेत येऊन मुलांशी बोलला, पाणी स्वतः घागरीतून घेतलं. मला म्हणाला, “गुरुजी, तुम्ही बरोबर आलात तर लोक मोकळेपणानं बोलतील.” मी वर्गाला निबंध दिला आणि निघालो.

पहिल्याच घरी माझ्या लक्षात आलं की काय होणार आहे. दारात रांगोळी. कपात चहा, त्यात दूध. सबंध गावात दूध देणारी शेळी एकच उरली होती, गनीभाई दुकानदाराची. त्यांची बायको शहजादीभाभी पहाटेपासून वाटीवाटीनं दूध वाटत होती. पाहुणा गावाचा आहे, कुणाच्याही दारात तो काळा चहा पिऊन गेला असं होऊ नये, एवढंच तिच्या मनात. तेच दूध पाणी घालून घालून घरोघर पुढं चाललं होतं.

गोजरबाईच्या घरी तर ताट तयार होतं. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, आणि कपभर दूध. पांढऱ्या ज्वारीची ती भाकरी होती, मिलोची नव्हे. बियाण्याला म्हणून गाडग्यात राखलेली ज्वारी तिनं दळली होती.

“बाई, कशाला एवढं?” खांबेटे म्हणाले.

“असू द्या. दारात आलेला मानूस असाच जातोय व्हय?”

ते जेवायला बसले. नको म्हटलं तर वाईट दिसेल म्हणून बसले, हे मला दिसत होतं. जेवता जेवता त्यांनी मांडीवर कागद लावलेली फळी घेतली आणि विचारायला सुरुवात केली. “बाई, चूल दिवसातून किती वेळा पेटते?”

“दोन येळा,” गोजरबाई म्हणाली. “चूल काय इझून राहतीय?”

मला राहवलं नाही. “गोजरबाई, हे काही द्यायला आलेले नाहीत. नुसतं लिहायला आलेत. आहे तसं सांगा.”

“आहे तसंच सांगते की, गुर्जी. कष्टाची भाकर हाय, कुठं जातीय?”

खांबेट्यांनी हळूच माझ्या हाताला हात लावला. “गुरुजी, कृपा करून उत्तर सुचवू नका. डेटा बिघडतो.”

त्यांचं म्हणणं रीतीला धरून होतं. परीक्षेच्या खोलीत कुणी पोरांना खुणावलं तर मीही त्याला बाहेर काढतो. मी मागं सरकून भिंतीला टेकलो.

“कालवण असतं का?”

“असतंय.”

“दूध?”

गोजरबाई तोंडाला पदर लावून हसली. “आता काय पिताय मंग?”

दारात बघायला जमलेल्या बायाही हसल्या. बायडाबाई म्हणाली, “इचारतंय बी कसं लेकरू! दूध पितंय आन् दूध हाय का म्हनतंय!” खांबेटे लाजले आणि फळीवर खूण केली.

चांगुणा गोरक्षला कडेवर घेऊन उंबऱ्याशी उभी होती. ती पुढं झाली. “आई, डोळं मिटून सांग की.”

“काय गं बया?”

“गुर्जींनी सांगितल्यागत. डोळं मीट, आन् मंग सांग.”

“पावन्यापुढं डोळं मिटू? देव हाय का त्यो?” गोजरबाईचा आवाज चढला. “मोठ्यांच्यात बोलू नगं. हो मागं. पोराला घे भाईर.”

पुढच्या घरी जायला आम्ही निघालो तेव्हा चांगुणा बोळाच्या तोंडाशी आडवी आली. पळत आली होती. गोरक्षचं डोकं तिच्या खांद्यावर आदळत होतं. म्हणाली, “सायेब, आमच्यात चूल एकदाच पेटती. ती बी रोज न्हाई. ज्वारी बियाची हुती. दूध शहजादीभाभीचं.”

खांबेटे खाली बसले, तिच्या उंचीला आले. खरंच चांगला होता तो पोरगा. “बाळ, मला तुझं पटतंय. पण घरातल्या कर्त्या माणसानं सांगितलेलंच लिहायचं, असा नियम आहे. लहान मुलांचं नाही लिहिता येत.”

“मंग त्यो डेटा खोटा हाय.”

“डेटा खरा-खोटा नसतो गं. जे दिलं जातं, तो डेटा.”

चांगुणानं माझ्याकडे बघितलं. हा अर्थ मीच तिला आदल्या दिवशी शिकवला होता, आणि तो बरोबर होता.

सांजेपर्यंत गाव झालं. जीप निघाली तेव्हा भीमा कोतवालानं हलगी वाजवून निरोप दिला. त्याला वाटत होतं, आता आठ-पंधरा दिवसांत काहीतरी येईल.

महिन्यानं कळलं. तलाव डोंगरापलीकडच्या वाघदऱ्याला मिळाला. तिथल्या कोतवालानं दवंडीत ‘पाहणी’ म्हटलं होतं, आणि लोकांनी ती लेव्हीची पाहणी समजली. सरकार ज्वारी उचलून नेईल या भीतीनं घराघरातली गाडगी पालथी घातली गेली, चुली थंड ठेवल्या गेल्या, साहेबाला कुणी पाण्याशिवाय काही विचारलं नाही. तेही उपाशीच होते. त्यांच्या तोंडून ते बाहेर पडलं एवढंच. पण वाघदऱ्याच्या मस्टरवर वाघदऱ्याचीच माणसं आधी, आणि घाट चढून रोज जाऊन येणं कडेवरच्या पोराला घेऊन होणारं नव्हतं.

मी पाथर्डीला गेलो. मंडळाचे मोठे साहेब दोन दिवसांसाठी आले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं: शेळीचं दूध, बियाण्याची ज्वारी, भीमाची दवंडी. दवंडीचं ऐकून ते मनापासून हसले. दाता! ही गोष्ट पुण्यात सांगायलाच हवी, म्हणाले.

“साहेब, गाव उपाशी आहे,” मी म्हटलं.

“गुरुजी, तुमच्या भावनेचा मी आदर करतो. पण हे तुमचं मत झालं.” त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. “हा डेटा आहे. उद्या प्रत्येक गावचे गुरुजी आले तर?”

“मग परत विचारायला माणूस पाठवा. एक-एक घर वेगळं बसवून विचारा. पाहुणचार घ्यायचा नाही असं आधी सांगून विचारा.”

“यंदाचं काम संपलं. पुढच्या पाहणीत ही सूचना जरूर विचारात घेऊ.” त्यांनी ती खरंच लिहून घेतली. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं.

मार्चच्या सुरुवातीला श्रीगोंद्याकडच्या रस्त्याच्या कामासाठी ट्रक आला. पारापाशी माणसं बोचकी घेऊन उभी होती. गोजरबाईनं पत्र्याची पेटी आणि एक गोणपाट एवढंच घेतलं होतं. मला बघून ती पुढं आली.

“गुर्जी, मी खोटं बोलले का?”

उत्तराची वाट न बघता ती बोलत राहिली.

“मला वाटलं, दाता हाय. देनाऱ्याफुडं रडलं तर भीक मागितल्यावानी हुतं. म्हनून त्याला जेवाय घातलं, म्हनलं आमी काय भिकारी न्हाई, काम द्या. नुसता लिवनारा हाय असं तुमी म्हनला, पर मला वाटलं पावन्यापुढं म्हनताय; खरं काय ते पोरीनं नंतर समजावलं. लिवनाऱ्याला मी समदं सांगितलं असतं. त्याच्यात लाजायचं काय?” पदरानं तिनं तोंड पुसलं. “एका शब्दापायी माजं राखलेलं बियानं गेलं बघा.”

बायडाबाई ट्रकमधून ओरडली, “चल गं, दाता गेला, आता टरक बी जाईल!” ट्रकमध्ये कुणीतरी हसलं.

चांगुणानं मला इंग्रजीचं पुस्तक परत दिलं. ते शाळेचं होतं. तिनं त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, कोपरे मुडपू नयेत म्हणून.

“राहू दे तुझ्याजवळ,” मी म्हटलं. “परीक्षेला आणून सोडीन मी तुला. त्या कामावर येईन.”

“गोरक्षला कोन घेईल?” तिनं विचारलं. तिला उत्तर नको होतं. तिच्या आईनं शाळेच्या पायरीवर मांडला होता तोच हिशेब ती मला परत करत होती, पुस्तकासारखा. मग ती चाकावर पाय देऊन वर चढली.

एप्रिलात मी खरंच गेलो. पण श्रीगोंद्याकडच्या त्या जागेवर पाल नव्हतं. काम पुढं सरकलं होतं, माणसंही पुढं सरकली होती. कुठं, ते मुकादमाला सांगता आलं नाही. सातवीच्या परीक्षेत हजेरी घेताना तिचं नाव मी दोनदा पुकारलं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला आणि लोक परतले. चांगुणाही परतली, शाळेत मात्र आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं. पालात शेजारी राहणाऱ्यांपैकीच कुणाचा मुलगा. खडी फोडून तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती, आणि ती दुसऱ्यांच्या शेतावर खुरपायला जात होती.

त्याच सुमारास पोस्टानं मंडळाचा अहवाल शाळेत आला. जाड कागद, छापील, इंग्रजी. आतल्या पानावर सहकार्याबद्दल आभार मानलेल्या शिक्षकांत माझंही नाव होतं, शुद्ध लिहिलेलं. मी ओट्यावर बसून आमच्या गावाचं पान शोधत होतो, तेवढ्यात चांगुणा खुरपं हातात घेऊन जाताना दिसली. गोरक्ष आता तिच्या मागं मागं चालत होता.

“काय वाचताय, गुर्जी?”

“तो डेटा छापून आलाय,” मी म्हटलं.

ती ओट्याच्या कडेला टेकली. मी पान पुढं केलं. बरेच दिवस वाचलं नव्हतं, म्हणून बोट लावून, अडखळत वाचू लागली. धामणखडी. मग ‘द डेटा’. मग थांबून, पुढचं. त्या वाक्यात म्हटलं होतं की या गावातल्या बहुतेक कुटुंबांत दोन वेळचं अन्न शिजतं आणि घराघरात दूध आहे, असं डेटा दाखवतो. सगळे शब्द तिला लागले नसावेत. पण ‘दूध’ आणि ‘दोन’ तिला नक्की लागले. वाकड्या बोटानं ती वाक्यात मागं गेली, आणि ‘डेटा’च्या शेजारच्या शब्दावर थांबली.

“शो,” ती म्हणाली. “‘स’ न्हाई.”

“नाही.”

“बरुबर हाय, गुर्जी,” चांगुणा म्हणाली. “वाक्यात कुटं चूक न्हाई.” पुस्तक मिटून तिनं माझ्या हातात दिलं, खुरपं उचललं आणि गोरक्षला पुढं घालून शेताच्या वाटेला लागली.